दाराची धर्ममाता

भाकरी थापायला मला एका जपानी बाईंनी शिकवलं, असं मी पुण्यात सांगितलं की लोक हसतात. सासूबाई हसतही नाहीत, नुसतं माझ्याकडे बघतात. पण खोटं कशाला बोलू? माहेरी पोळ्यांना बाई, सासरी पोळ्यांना बाई, आणि भाकरी म्हणजे हॉटेलात पिठल्याबरोबर मागवायची गोष्ट. ती स्वतःच्या हाताने करायची वेळ आली तोक्योतल्या एदोगावात, २००४ साली. शिकवणाऱ्या होत्या मोरिता चियो, वय वर्षं सहासष्ट, आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या.

आमची पहिली भेट कचऱ्यावरून झाली. सत्यजितला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तिथल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं होतं, आणि मी तीन वर्षांच्या जुईला घेऊन नुकतीच पोचले होते. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटल्या वेगळ्या, प्रत्येकाचा वार वेगळा. मी सगळा एकाच पिशवीत कोंबून भलत्याच वारी ठेवून आले. अर्ध्या तासात बेल वाजली. दारात एक बुटकी बाई, केस पांढरे, चेहरा उन्हाने रापलेला, आणि हातात माझी पिशवी. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. शेजाऱ्यांची पिशवी उघडून बघतात म्हणजे काय! पण बाई दारात वर्तमानपत्र पसरून खाली बसल्या आणि माझा चहाचा चोथा, तेलाचा डबा, जुईचं डायपर, सगळं स्वतःच्या हाताने वेगळं करायला लागल्या. मग मलाही बसावं लागलं. चोथ्यात हात घातलेल्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही.

जाताना त्यांनी एक चिठ्ठी दिली. स्टेशनामागच्या छोट्या चर्चच्या तळघरात परदेशी बायकांसाठी दर गुरुवारी जपानीचा वर्ग असतो, फुकट, आणि शिकवतात त्या स्वतः.

चर्च म्हटल्यावर आमच्या घरात घंटा वाजली. सत्यजित म्हणाला, "फुकट कोण काय देतं? जरा केअरफुल राहा." सासूबाईंनी फोनवर विचारलं, "अंगावर पाणीबिणी शिंपडत नाहीत ना गं?" मी म्हटलं, एकदा जाऊन बघते. मनात मलाही धाकधूक होतीच. मिशनरी म्हणजे गोड बोलून धर्म बदलायला लावणारी माणसं, एवढीच माझी समजूत. आणि चियो-सान, म्हणजे आपल्या भाषेत चियोबाई, मिशनरी होत्या. एकदोन वर्षं नाही, तब्बल सत्तावीस वर्षं, मेक्सिकोच्या दक्षिण भागात डोंगरातल्या सान इसिद्रो नावाच्या गावात.

तिसऱ्या गुरुवारी मी त्यांना सरळ विचारलं. मोडकी जपानी, थोडं इंग्रजी आणि बाकी हातवारे. "किती लोकांना ख्रिश्चन केलंत तुम्ही?"

चियो-सान विचार करून म्हणाल्या, "शून्य."

"सत्तावीस वर्षांत?"

"ते माझ्या कितीतरी आधीपासून ख्रिश्चन आहेत. मी तिथे प्रार्थना शिकवायला गेले आणि पहिल्याच महिन्यात कळलं की त्यांच्या प्रार्थना माझ्यापेक्षा चांगल्या आहेत."

"मग केलंत काय इतकी वर्षं?"

ते त्यांनी गुरुवारी गुरुवारी, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. गावातले पुरुष कामाला उत्तरेकडे सीमेपलीकडे गेलेले. काहींचे निरोप येत, काहींचे येणं थांबलेलं. मागे बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. बायका पहाटे तीनला उठून पाट्यावर मका वाटत, कारण त्याशिवाय दिवसाची भाकरी नाही. तेहेतीस वर्षांच्या चियो-सान त्यांच्याबरोबर वाटायला बसल्या. सहा महिन्यांत मनगटं सुजली आणि कामापुरती भाषा आली. मग त्यांनी जपानमधल्या आपल्या चर्चला पत्रामागून पत्रं लिहून गावात दळणाची गिरणी आणली. पेट्रोलवर चालणारी, फटफट आवाज करणारी. पुढची सगळी वर्षं त्या तीच चालवत होत्या. उरलेल्या वेळात बाळांची वजनं, मुलांचे चष्मे, बायकांची उत्तरेकडे जाणारी पत्रं, आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणं. "मी वर गेल्यावर देव चर्चबद्दल विचारेल," त्या म्हणायच्या, "पण बायका गिरणीबद्दलच विचारतील. उत्तर मी आधी त्यांना देणार."

माणूस असा बोलायला लागला की त्याच्यावर संशय तरी किती दिवस घ्यायचा? माझा उन्हाळ्यापर्यंत टिकला. तोही भाकरीने संपवला.

सासूबाईंनी कुणाबरोबर तरी दोन किलो ज्वारीचं पीठ पाठवलं होतं. ते कपाटात तसंच पडलेलं. चियो-सान एकदा वर आल्या, पिशवी दिसली, त्यांनी चिमूटभर पीठ हातावर घेऊन हुंगलं आणि विचारलं, "याचं काय करता?" मी परात काढून प्रात्यक्षिक दाखवायला गेले. पहिली भाकरी परातीला चिकटली, दुसरी तव्यावर जाताना फाटली. चियो-सान मला बाजूला सारून उभ्या राहिल्या. गोळा परातीत न ठेवता त्यांनी दोन तळव्यांमध्ये धरला आणि थापायला लागल्या. थप थप थप, गोळा फिरतोय, वाढतोय. बघता बघता ताटलीएवढी भाकरी झाली, तव्यावर पडली आणि टम्म फुगली. मी टाळ्या वाजवल्या. वळून बघते तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थापतच होते, रिकामेच. मी हळूच गॅस बंद केला. आपण घर सोडून आलो म्हणून मी रोज कुरकुर करत होते. या बाई तर घरी परत येऊन परक्या झाल्या होत्या.

परत का आल्या, ते त्या दिवशी कळलं. आईसाठी. मला एक भाकरी खाली न्यायला सांगून त्यांनी आईची ओळख करून दिली.

आजी तेव्हा एक्याण्णव वर्षांच्या. खिडकीपाशी पलंग, अंगावर निळं जाकीट, चेहऱ्यावर बाहुलीसारखे दोन लाल गाल. आणि विस्मरण असं की पोटची मुलगी ओळखू येत नाही. चियो-सानना त्या 'हेल्पर-सान' म्हणत. सरकारकडून कामाला येणारी बाई, अशी त्यांची समजूत. त्यांच्या मते त्यांची चियो अजून मेक्सिकोतच होती आणि आज ना उद्या येणार होती.

मला बघून आजींनी मान वर केली. माझा सावळा रंग, वेणी, कपाळावरची टिकली, सगळं निरखलं आणि एक लांबलचक प्रश्न विचारला. मला त्यातले 'मेक्सिको' आणि 'चियो' एवढे दोनच शब्द कळले. जपानमध्ये काही कळलं नाही की मी 'हाय' म्हणायचे. तिथे 'हो'ला 'हाय' म्हणतात. तसं म्हटलं. आजींचा चेहरा उजळला. त्यांनी माझ्या हातातली भाकरी घेतली, तुकडा मोडला आणि हळूहळू सगळी संपवली.

बाहेर आल्यावर चियो-सान म्हणाल्या, "तिने विचारलं, तुला माझ्या चियोने गावाहून पाठवलं का?"

मी कपाळावर हात मारला. "मी आत जाऊन सांगते त्यांना, मी भारतातली आहे म्हणून."

"नको," त्या म्हणाल्या. "गेल्या महिन्याभरात तिने एवढं कधी खाल्लं नव्हतं."

तेव्हापासून पुढची दोन वर्षं मी आजींच्या लेखी मेक्सिकोची होते. आठवड्यातून तीनदा भाकरी घेऊन खाली जायचे. दुपारी तीनला तिथे पत्राचा कार्यक्रम असायचा. चियो-साननी सत्तावीस वर्षांत पाठवलेली सगळी पत्रं आजींनी बिस्किटांच्या एका मोठ्या पत्र्याच्या डब्यात जपली होती. चियो-सान त्यातलं एक काढत, बाहेर जाऊन दाराशी टपालपेटीचं झाकण वाजवल्यासारखं करत आणि आत येऊन म्हणत, "आज्जी, पत्र आलंय."

"वाचा हो हेल्पर-सान. माझे डोळे गेले."

आणि चियो-सान स्वतःचंच पत्र आईला परक्यासारखं वाचून दाखवत. गिरणीचा पट्टा तुटला, अमकीला मुलगी झाली आणि मला तिची धर्ममाता, म्हणजे देवासमोर मानलेली आई, केलं, शेळीने माझी टोपी खाल्ली. शेवटी बहुतेक पत्रांत एक ओळ ठरलेली असायची: पुढच्या वर्षी नक्की येईन. ती ओळ आली की आजी फुस्स करून म्हणायच्या, "दर वर्षी हेच लिहिते." चियो-सान म्हणायच्या, "हो ना." आणि पत्र घडी घालून ठेवायच्या.

एक पत्र त्या कधीच वाचत नसत. ते डब्यात तळाशी होतं. एकदा मी विचारलं, तेव्हा त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. चौऱ्याऐंशी साली त्यांचे वडील गेले. दोन आठवडे आजारी होते. गावात ईस्टरची धांदल, मुलीच्या कामात व्यत्यय नको, म्हणून आईने कळवलंच नाही. कळवलं ते सगळं आटोपल्यावर. त्यावर चियो-साननी लिहिलेलं ते उत्तर. "एकच ओळ आहे त्यात," त्या म्हणाल्या. "का कळवलं नाहीस, मी आले असते." डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, "आले असते की नाही, कोण जाणे. पण परत आले तेव्हाच ठरवलं, आता पुन्हा तिला सोडून जायचं नाही."

आणि नेमकं तेव्हाच सान इसिद्रोचं दार अडलं होतं.

मी वर्गाबरोबर पार्सलं बांधायलाही जायला लागले होते. दर महिन्याला त्या तळघरातून गावातल्या कुटुंबांसाठी एक खोकं जायचं: चष्मे, वह्या, शिलाई मशीनच्या सुया, गिरणीचे पट्टे. पॅक करणाऱ्या आठ-दहा जपानी बायका, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या, आणि मध्ये मी टिकली लावून गाठी मारतेय. तिथे मला दाराची गोष्ट कळली. भूकंपात गावचं चर्च पडलं होतं. बायकांनी, म्हाताऱ्यांनी, वर्षातून एकदा सुट्टीवर येणाऱ्या पुरुषांनी ते पाच वर्षं खपून पुन्हा बांधलं. आता त्या गावची रीत अशी की नवीन कुठलीही गोष्ट झाली, घंटा असो, फरशी असो, की तिला एक धर्ममाता नेमायची, आणि तिच्या हातून ती सुरू करायची. दाराची धर्ममाता म्हणून गावाने चियो-सानना नेमलं होतं. दार बसवून दोन वर्षं झाली तरी ते कुणी उघडलं नव्हतं. लोक बाजूच्या सामानाच्या खोलीतून आत शिरत. तिथूनच लग्नाची नवरी जाई आणि तिथूनच मयताची पेटी, वाकडी करून.

"दुसऱ्या कुणाला तरी नेमा म्हणावं," मी म्हटलं.

"लिहिलं मी तसं. त्यांनी उत्तर पाठवलं, आम्हाला घाई नाही."

"मग जाऊन या ना तुम्ही!"

"आईला कुठे ठेवू? एकदा वृद्धाश्रमात चार दिवस ठेवून पाहिलं. तिने अन्नाला शिवायचंच बंद केलं. रात्री इथल्या मैत्रिणी आळीपाळीने झोपतील, सकाळी हेल्पर येईल. पण दिवसभर? ती खाते कुणाच्या हातून?"

आता आपल्या जिभेला काही हाड असतं का? मी म्हटलं, "मी आहे ना!"

आपल्याकडे 'मी आहे ना' हे 'जेवूनच जा ना' सारखं असतं. म्हणणाऱ्याने मनापासून म्हणायचं, ऐकणाऱ्याने बरं वाटून घ्यायचं, आणि मग दोघांनी विसरून जायचं. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. चियो-सान म्हणाल्या, नको, तुम्हाला त्रास. मी म्हटलं, त्रास कसला! त्या पुन्हा नको म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं, मी आहे ना! तिसऱ्यांदा त्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला. मला वाटलं, विषय संपला.

अकरा दिवसांनी बेल वाजली. दारात चियो-सान, हातात मिठाईचं खोकं आणि एक जाड वही. "आठ मेला निघते. वीसला परत. पंधराला गावचा उत्सव आहे, त्या दिवशी दार." वहीत तासातासाचं सगळं लिहिलेलं: औषधं, कूस बदलण्याच्या वेळा, रोज कुठलं पत्र वाचायचं त्याचे आकडे. शेवटच्या पानावर गावातल्या दुकानाचा फोन नंबर. सबंध गावात फोन तेवढाच. त्याखाली माझ्यासाठी एक स्पॅनिश वाक्य.

मी मिठाई घेतली आणि दार लावलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सत्यजित उखडला. "तू कमिट कशाला केलंस? मे महिन्यात आमची सिस्टीम सुरू व्हायचीय, गो-लाइव्ह आहे, जुईला शाळेतून कोण आणणार? आणि आजींना काही झालं तर? त्र्याण्णव वय आहे त्यांचं. रिस्पॉन्सिबिलिटी कोणाची?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी नकार द्यायला खाली गेले. वाक्यसुद्धा जपानीत जुळवून पाठ केलं होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. आत बघते तर चियो-साननी खोलीभर वर्तमानपत्रं पसरली होती, आणि जपानी माणूस घरात स्वप्नातही करणार नाही ते त्या करत होत्या. बूट घालून चालत होत्या. डोंगरात चालायचे जाड तळव्यांचे नवे कोरे बूट. कागदांवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे, पायाला सवय व्हावी म्हणून. पलंगावरून आजी म्हणत होत्या, "हेल्पर-सान, कुठे निघालात?"

"लांब," चियो-सान म्हणाल्या, आणि अशा हसल्या की माझं पाठ केलेलं वाक्य घशातच राहिलं. मी म्हटलं, "भाकरी किती वाजता देऊ, तेवढं विचारायला आले होते."

आठ तारखेला त्या गेल्या. मी सकाळी जुईला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडायची आणि नऊला खाली हजर. वहीबरहुकूम सगळं. भाकरी दुधात कुस्करून भरवायची. तीनला बाहेर जाऊन टपालपेटी वाजवायची आणि पत्र. माझी जपानी वाचायची बोंब, म्हणून चियो-साननी पत्रं माझ्यासाठी सोप्या अक्षरांत उतरवून ठेवली होती. मी अडखळत वाचायची. आजी मान डोलवायच्या. त्यांच्या हिशेबात मेक्सिकोच्या बाईला जपानी एवढी येते हेच खूप.

रोज त्या एकदा तरी विचारायच्या, "माझी चियो कुठे आहे?"

"मेक्सिकोला," मी सांगायची. "वीस तारखेला येणार." दोन वर्षं हे सांगताना जीभ चाचरायची. त्या बारा दिवसांपुरतं ते खरं होतं.

चौदा तारखेला, रविवारी सकाळी, हेल्पर वर पळत आली. आजींना ताप, एकशे दोन. डॉक्टर येऊन गेले. छातीत कफ आहे, औषध दिलंय, आजचा दिवस घरी बघू, नाहीतर हॉस्पिटल, या वयात काही सांगता येत नाही. मी आजींच्या उशाशी बसले आणि मनात तारखा मोजल्या. मेक्सिकोत अजून शनिवारची संध्याकाळ होती. दार सोमवारी. आत्ता कळवलं तर चियो-सान तशाच निघणार, दार पुन्हा अडणार. न कळवता दोन दिवस कळ काढली तर? ताप उतरेलही. दोन वर्षं थांबलेलं दार एकदाचं उघडेल.

सत्यजित खाली आला होता. मला वाटलं, 'तरी सांगत होतो' म्हणेल. तो म्हणाला, "फोन कर."

"अरे, परवा दार आहे त्यांचं. त्यांना त्रास नको म्हणून..." एवढं बोलले आणि थबकले. हेच वाक्य चौऱ्याऐंशी साली याच घरात कुणीतरी म्हटलं होतं. चांगल्या मनानेच म्हटलं होतं. बिस्किटांचा डबा माझ्या गुडघ्याला लागून होता आणि ते न वाचलेलं पत्र त्याच्या तळाशी होतं. मी उठले आणि नंबर फिरवला.

पलीकडे कुणी बाई जोरात काहीतरी म्हणाली. मी वहीतलं वाक्य देवनागरीत उतरवून ठेवलं होतं, ते वाचलं: "चियो, पोर फावोर, देस्दे हापोन." चियोला बोलवा, जपानहून फोन आहे. बाई किंचाळलीच. मग मला फोनमधून लाउडस्पीकर ऐकू आला. सगळ्या डोंगरात घुमणारा आवाज, "चियो! चियो!" आणि मागे कुत्री भुंकताहेत. बऱ्याच वेळाने धापा टाकत चियो-सान आल्या. मी एका दमात सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

त्यांनी विचारलं, "खाल्लं का तिने?"

"दोन घास. भाकरीचेच."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कळवलंत. आरिगातो." आणि फोन ठेवला. जपानीत साधं थँक यू, पण तसं मला आधी कुणी म्हटलं नव्हतं आणि नंतरही नाही. मी तिथेच रडले. सत्यजित तोपर्यंत जुईला घेऊन बर्फाची पिशवी आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेला होता.

पुढचं मला नंतर कळलं. चियो-सान दुकानाबाहेर आल्या तेव्हा अर्धं गाव जमलं होतं. त्यांनी सांगितलं, मला निघायला हवं, दार पुन्हा केव्हातरी. गिरणीवर आता जी काम करते ती एलोइसा, चियो-साननी जिची बाळ असताना वजनं केली होती, ती म्हणाली, "उत्सव परवा आहे, दार नाही." तिने घरोघर निरोप पाठवला. रविवारी सकाळीच, ना वाजंत्री, ना फटाके, ना नवे कपडे, लोक आहेत तसे जमले. चियो-साननी कडी काढली. लाकूड दोन पावसांत फुगलं होतं, दार हलेना. मग मागून चाळीस बायकांनी खांदा लावला. दार उघडलं ते एवढ्या जोरात की धर्ममाता तोंडावर आपटल्या आणि गुडघा फुटला. तशाच लंगडत त्या वेदीपर्यंत गेल्या, बसून एक प्रार्थना म्हटली आणि दुपारच्या बसने निघाल्या. ज्या उत्सवासाठी गेल्या तो त्यांनी पाहिला नाही.

इकडे सोमवारी ताप थोडा उतरला, मंगळवारी गेला. बुधवारी दुपारी मी आजींना खिडकीशी उशांना टेकवून बसवलं होतं आणि तीनच्या पत्राची तयारी करत होते. बाहेर चाकांच्या बॅगेचा खडखडाट झाला. दार उघडलं. दारात चियो-सान. डोक्यावर गवताची टोपी, चेहरा काळाकुट्ट पडलेला, बुटांवर लाल माती, हातात बॅग. जपानमध्ये घरी परतणारा माणूस उंबऱ्यात ठरलेला शब्द म्हणतो, त्या तो म्हणाल्या.

"तादाइमा." आले मी.

आजींनी मान वळवली. टोपीकडे बघितलं, बॅगेकडे, मातीच्या बुटांकडे, मग चेहऱ्याकडे. आणि त्यांचा चेहरा असा काही हलला की मी हातातली वाटी खाली ठेवली.

"चियो," आजी म्हणाल्या. "ओकाएरी." आलीस, ये. "किती उशीर केलास गं."

चियो-सान बूट काढायचंसुद्धा विसरल्या. तशाच आत धावल्या आणि आईच्या मांडीत डोकं घालून लहान मुलीसारखं हुंदके देऊन रडल्या. आठ वर्षं रोज या घरात राहून त्या घरी आल्या नव्हत्या. पोचायला त्यांना परत जावं लागलं. आजी त्यांच्या केसांतून हात फिरवत म्हणत होत्या, "या बाईने सांगितलं होतं मला, येणार म्हणून." या बाईने म्हणजे मी. मी हळूच बाहेर आले, दार ओढून घेतलं आणि जिन्यात बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन खाली गेले. चियो-सान आजींचे पाय कोमट पाण्याने पुसत होत्या. अंगात नेहमीचा ॲप्रन, टोपी खुंटीला, गुडघ्याला पट्टी.

आजी खाली वाकून त्यांना सांगत होत्या, "हेल्पर-सान, काल तुम्ही नव्हतात. माझी मुलगी आली होती."

चियो-साननी फडकं पिळलं. मग त्या पुन्हा पाय पुसायला लागल्या. "हो का? कशी आहे?"

"काळी पडलीय उन्हाने," आजी म्हणाल्या. "पण आली."